क्रूझर बाइक घेताय? शोरूममधला आराम जालन्याच्या रस्त्यावर टिकतो का, ते आधी बघा

जालना जिल्ह्यातला सर्वांत चांगला रस्ता कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण समृद्धी महामार्गाचं नाव घेतील. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि जालना, बदनापूर तालुक्यांतून जाणारा हा रस्ता जिल्ह्याला मिळाला. सरळ, रुंद, मध्ये गाव नाही, गतिरोधक नाही. क्रूझर बाइक अशाच रस्त्यासाठी बनवली जाते. अडचण एवढीच की समृद्धीवर दुचाकीला प्रवेश नाही.

म्हणजे जालन्यात क्रूझर घेणाऱ्याला ती चालवायची आहे अंबड, घनसावंगी, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठ्याच्या रस्त्यांवर. फार तर छत्रपती संभाजीनगरच्या हायवेवर. तिथे सळईने भरलेले ट्रक आहेत, हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या आहेत आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी गतिरोधक आहे.

गाडीची निवड मात्र होते शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर. सीटवर बसलं की दोन्ही पाय आरामात टेकतात, गादी मऊ लागते, हँडल हातात येतं. बाहेरच्या चांगल्या रस्त्यावर एकट्याने दोन किलोमीटरची ट्रायल होते आणि बुकिंग होतं. मागे बसणाऱ्या घरच्या माणसाला कुणी विचारलेलंच नसतं. पहिला दणका बहुतेकदा त्यालाच बसतो.

क्रूझरचा आराम खरा आहे, पण तो सगळ्या रस्त्यांवर सारखा नाही. कोणती क्रूझर आपल्या रस्त्यावर आराम देईल, हे कंपनीने छापलेल्या आकड्यांतूनच बरंचसं कळतं. ते आकडे वाचायचे कसे, ते समजून घेऊ.

हा प्रश्न आत्ताच का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर तो सेससह ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला. त्यामुळे ३५० सीसीची क्रूझर कम्यूटर गाडीच्या ग्राहकालाही आवाक्यात वाटू लागली आणि ६५० सीसीची आणखी लांब गेली.

क्रूझर हा प्रकार मराठवाड्याला नवा नाही. वाळूजचा बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे आणि त्याच बजाजने २००५ मध्ये ॲव्हेंजर बाजारात आणली. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड २००२ ची, तिची जागा नोव्हेंबर २०२० मध्ये मिटिऑर ३५० ने घेतली. जानेवारी २०२३ मध्ये सुपर मिटिऑर ६५० आली. छोटी, मधली आणि मोठी अशा या तीन गाड्या समोर ठेवल्या की क्रूझरची सगळी रेंज डोळ्यांसमोर येते.

क्रूझर वेगळी कशामुळे?

तीन गोष्टींमुळे. सीट खाली असते, फुटरेस्ट पुढे असतात आणि दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, साधारणपणे जास्त असतो.

सीट खाली असल्याचा फायदा मोठा आहे. ॲव्हेंजर क्रूझ २२० ची सीट जमिनीपासून ७३७ मिमी, सुपर मिटिऑरची ७४० मिमी आणि मिटिऑर ३५० ची ७६५ मिमी उंचीवर आहे. उंची कमी असलेल्या माणसाला, नव्याने गाडी शिकणाऱ्या मुलीला, चिखलात किंवा मुरुमावर थांबावं लागणाऱ्या कुणालाही दोन्ही पाय टेकल्याने धीर येतो.

फुटरेस्ट पुढे असल्याने गुडघे मोकळे राहतात. सपाट रस्त्यावर तास-दीड तास बसलं तरी पाय आखडत नाहीत. पण याच बसण्याची किंमत खराब रस्त्यावर मोजावी लागते. साध्या गाडीवर खड्डा दिसला की चालवणारा नकळत फुटरेस्टवर जोर देतो आणि सीटवरून बोटभर उठतो. त्या क्षणी त्याचे गुडघे शॉकअपचं काम करतात. क्रूझरवर पाय पुढे असल्याने असं उठता येत नाही. अंगाचा सगळा भार माकडहाडावर असतो आणि शॉकअपने न गिळलेला दणका थेट कमरेत जातो.

सीट खाली आणायची तर मागच्या शॉकअपला दबायला जागा कमी उरते. सुपर मिटिऑरचं पुढचं सस्पेन्शन १२० मिमी दबू शकतं, मागचं १०१ मिमी. म्हणजे माणूस जिथे बसतो तिथेच दणका गिळायची जागा कमी. मऊ गादी यावर उपाय नाही. ती शोरूममध्ये छान लागते, पण चाळीस किलोमीटरनंतर दबून जाते आणि खालचा कडकपणा जाणवू लागतो.

जालन्याचा रस्ता गाडीकडून काय मागतो?

जिल्ह्याचा बराच भाग काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वर केलेलं डांबर तिच्यासोबत वर-खाली होतं. म्हणून खड्डे बुजवल्यावरही रस्त्याला लाटा राहतात आणि कडा खचतात. अशा रस्त्यावर चाकाचा आकार फार महत्त्वाचा.

मिटिऑरचं पुढचं चाक १९ इंची आहे, ॲव्हेंजरचं १७ इंची. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि खड्ड्याची कड चढताना त्याला कमी तिरका धक्का बसतो. बैलगाडीचं चाक मोठं का असायचं, याचं उत्तरही हेच. मिटिऑरचं पुढचं सस्पेन्शन १३० मिमी दबतं. मोठं चाक आणि ही जागा मिळून हातांना बसणारे हादरे कमी होतात. सुपर मिटिऑरलाही पुढे १९ इंचीच चाक आहे.

टायरवरचा आकडाही वाचायला शिकायला हवा. ॲव्हेंजरच्या मागच्या टायरवर १३०/९०-१५ असं लिहिलेलं असतं. टायरची रुंदी १३० मिमी आणि उंची रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे सुमारे ११७ मिमी. मिटिऑरचा मागचा टायर १४०/७०-१७, म्हणजे उंची ९८ मिमी. टायर जितका उंच तितकी त्यात हवेची गादी जास्त. मागच्या चाकापुरतं बोलायचं तर ही जुनी, स्वस्त ॲव्हेंजर इथे मिटिऑरच्या पुढे आहे. ॲव्हेंजरवर मागून बसणारे बारीक हादरे मऊ वाटतात, त्यात या टायरचा वाटा मोठा आहे.

मात्र ॲव्हेंजर क्रूझची चाकं तारांची आहेत आणि टायरमध्ये ट्यूब आहे. खिळा घुसला की हवा पटकन जाते आणि चाक काढल्याशिवाय पंक्चर निघत नाही. मिटिऑरच्या बहुतेक प्रकारांना अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर आहेत. रात्री साडेनऊला घनसावंगीच्या रस्त्यावर पंक्चर झालं तर हा फरक गादीच्या मऊपणाहून मोठा वाटतो.

गतिरोधकाचं गणित

ग्राउंड क्लिअरन्सचे आकडे असे आहेत: मिटिऑर १७० मिमी, ॲव्हेंजर १६९ मिमी, सुपर मिटिऑर १३५ मिमी. शेवटचा आकडा कमी आहे, पण तो पुरतो की नाही हे गतिरोधकावर अवलंबून आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा हवा. ताशी २५ किलोमीटरने तो आरामात ओलांडता यावा, अशी त्याची रचना आहे. दीड मीटर व्हीलबेसची गाडी अशा गतिरोधकाच्या माथ्यावर आली की दोन्ही चाकं उंचवट्यावरच असतात. दोन चाकांच्या मधोमध उंचवटा जेमतेम १७ मिमी वर येतो. कोणतीही क्रूझर यावरून निघून जाईल.

गावात असा गतिरोधक क्वचित दिसतो. तिथे हातभर रुंद, उभ्या कडांचा बांध असतो. पुढचं चाक पलीकडे उतरतं, मागचं अलीकडे असतं आणि बांधाची पूर्ण उंची गाडीच्या पोटाखाली येते. बांध १५ सेंटिमीटर उंच असेल तर १३५ मिमीची गाडी घासणारच. डबलसीट असाल तर शॉकअप दबून ती आणखी खाली आलेली असते. मग गाडी तिरकी घालून, पाय टेकत काढावी लागते. सुपर मिटिऑर घेणाऱ्याने आपल्या रोजच्या वाटेवरचे गतिरोधक आधी मोजावेत. यात दोष गाडीपेक्षा गतिरोधकाचा जास्त आहे, पण इंजिनाखालचा भाग घासतो तो गाडीचाच.

हँडलिंग म्हणजे शर्यत नव्हे

हँडलिंग म्हटलं की घाटात वाकवलेली गाडी डोळ्यांसमोर येते. जालन्यात घाट फारसे नाहीत, म्हणून हा मुद्दा अनेक जण सोडून देतात. ही मोठी चूक आहे.

गाळपाचा हंगाम आठवा. अंबड, घनसावंगी पट्ट्यात संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. ट्रॉली दिसून मेंदूने हुकूम देईपर्यंत एवढं अंतर संपलेलं असतं. उरलेल्या अंतरात ब्रेक किंवा कट, दोनच मार्ग. त्या वेळी गाडी किती चटकन दिशा बदलते आणि किती सरळ थांबते, यालाच हँडलिंग म्हणायचं.

क्रूझरचा लांब व्हीलबेस आणि पुढे झुकवलेला फोर्क तिला सरळ रेषेत स्थिर ठेवतात. वाऱ्याने किंवा बाजूने गेलेल्या ट्रकच्या झोताने ती सहज हलत नाही. पण जी गाडी सहज हलत नाही, ती चालवणाऱ्यानेही सहज वळत नाही. तिघींत मिटिऑरचा व्हीलबेस सर्वांत कमी, १४०० मिमी आहे. ॲव्हेंजरचा १४९० आणि सुपर मिटिऑरचा १५०० मिमी. कुंडलिका ओलांडून जुन्या जालन्याच्या गल्लीत यू-टर्न घेताना हे नऊ-दहा सेंटिमीटर कळतात.

दुसरी बाजू वजनाची. ॲव्हेंजर १६३ किलो, मिटिऑर १९१ किलो, सुपर मिटिऑर २४१ किलो. पहिलीत आणि तिसरीत ७८ किलोंचा फरक आहे, म्हणजे सिमेंटच्या दीड गोणीहून जास्त. हायवेवर हेच वजन मदतीला येतं. जड गाडी लहान खळग्यांवरून उडत नाही, दबून जाते. सुपर मिटिऑर संभाजीनगरच्या रस्त्यावर शांत वाटते ती यामुळे आणि ४७ पीएसच्या दोन सिलिंडरच्या इंजिनामुळे. पण तीच गाडी पावसात काळ्या मातीत रुतली तर एकट्याने काढणं अवघड.

ब्रेकचा मुद्दा सरळ आहे. मिटिऑर आणि सुपर मिटिऑरला दोन्ही चाकांवर एबीएस आहे. ॲव्हेंजर क्रूझला एबीएस फक्त पुढे आणि मागे ड्रम ब्रेक आहे. घाबरून मागचा ब्रेक दाबण्याची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे. ओल्या रस्त्यावर मागचं चाक लॉक होऊन गाडी घसरते ती याच क्षणी.

मागे बसणाऱ्याचं कोण विचारणार?

आपल्याकडे मोटारसायकल घरची गाडी असते. राजूरच्या गणपतीला, अंबडच्या मत्स्योदरी देवीला, बाजाराला, दवाखान्यात ती डबलसीटच जाते. तरीही ट्रायल नेहमी एकट्याने घेतली जाते.

क्रूझरमध्ये चालवणाऱ्याची सीट खाली आणि रुंद, तर मागची वर आणि लहान असते. मागचा माणूस जवळपास मागच्या चाकावर बसतो. चाकाला बसलेला दणका त्याला सर्वांत आधी लागतो आणि पुढे धरायला काही नसतं. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईसाठी ही सीट आणखी अवघड. तिचा भार एका बाजूला पडतो, त्यामुळे हँडललाही ओढ लागते. मिटिऑरच्या स्टेलर आणि सुपरनोव्हा प्रकारांत मागे पाठ टेकायला बॅकरेस्ट मिळतो. ती चैन वाटली तरी मागे बसणाऱ्याच्या दृष्टीने गाडीतली ती सर्वांत कामाची वस्तू आहे. जावा ४२ बॉबरसारख्या गाडीला तर एकच सीट आहे. घरात दुसरी दुचाकी नसेल तर तिचा विचारच करू नये.

दिसायला बरी नाही म्हणून साडीगार्ड काढून टाकायची पद्धत पडली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायची मूठ, फुटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे. पदर चाकात गेल्यावर गाडी कशी दिसते, याला अर्थ उरत नाही.

'शॉकअप कडक आहे' या तक्रारीचं काय?

क्रूझर घेतल्यावर ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. कधी ती खरी असते, कधी सेटिंग चुकलेलं असतं. मिटिऑरच्या मागच्या शॉकअपला प्रीलोडचे सहा टप्पे आहेत. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते, असा समज आहे. प्रत्यक्षात स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी किती उंचीवर उभी राहील ते बदलतं. एकट्यासाठी प्रीलोड जास्त ठेवला तर गाडी वर ताठ उभी राहते आणि प्रत्येक खळग्याला उडते. डबलसीटला तो कमी ठेवला तर शॉकअप आधीच दबलेलं असतं आणि मोठ्या खड्ड्यात शेवटपर्यंत आपटतं. दोन्ही वेळा चालवणारा म्हणतो, शॉकअप कडक आहे.

एकटे असताना कमी आणि डबलसीटला जास्त, एवढा नियम पुरतो. हवेचंही तसंच. 'चाळीस भर' म्हणणाऱ्याकडे लक्ष न देता गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला दाब ठेवला तर निम्म्या तक्रारी पैसे न घालवता मिटतात.

मग कोणती घ्यावी?

रोज शहरात फिरणं, अधूनमधून पन्नास किलोमीटर, बजेट कमी आणि उंचीही कमी असेल तर ॲव्हेंजर आजही सोपी गाडी आहे. पण रात्रीचा प्रवास आणि गावरस्ता जास्त असेल तर तिच्या ट्यूबचा आणि मागच्या ब्रेकचा विचार करावा.

तालुका ते जिल्हा असं रोजचं जाणं-येणं, अर्धा रस्ता चांगला, अर्धा खराब आणि मागे घरचं माणूस असेल तर तिघींत मिटिऑर ३५० जालन्याला जास्त जुळते. ती चपळ नाही आणि तिचा मागचा भाग मऊही नाही. पण १९ इंची चाक, १७० मिमी क्लिअरन्स, आटोपशीर व्हीलबेस, दोन्ही चाकांवर एबीएस आणि बॅकरेस्ट हे सगळं एकत्र इथेच मिळतं.

सुपर मिटिऑर पुणे, नाशिक, नागपूर अशा लांबच्या फेऱ्या करणाऱ्याची गाडी आहे. गावात रोज वापरायला घेतली तर गतिरोधक आणि वजन दोन्ही त्रास देतील.

आणि एक मत क्रूझरप्रेमींना आवडणार नाही, पण सांगायला हवं. ज्याची वाट रोज वस्तीवरच्या कच्च्या रस्त्याने जाते, त्याच्यासाठी ताठ बसवणारी साधी मोटारसायकल या तिन्हींपेक्षा आरामाची आहे. तिच्यावर खड्ड्यात उभं राहता येतं.

ट्रायल अशी घ्या

• जो मागे बसणार आहे त्याला सोबत न्या. परतल्यावर आधी त्याला विचारा.
• शोरूमने सुचवलेल्या वाटेऐवजी खराब पॅच आणि किमान दोन गतिरोधक असलेली वाट मागा.
• किमान अर्धा तास चालवा. कंबर आणि मनगटं वीस मिनिटांनंतर खरं बोलू लागतात.
• अरुंद जागेत एक यू-टर्न घ्या आणि गाडी बंद करून ढकलून बघा.
• मोकळ्या जागी एकदा जोरात ब्रेक लावून गाडी सरळ थांबते का ते पाहा.
• शॉकअप कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारा. डबलसीटसाठी बदलून मागा.

विक्रेत्यांनीही ही मागणी आनंदाने मान्य करायला हवी. कर्ज काढून घेतलेली गाडी तीन महिन्यांत कंबरदुखीमुळे दारात उभी राहिली तर पुढचा ग्राहक तोच माणूस तोडतो. आणि ग्राहकाने एवढंच लक्षात ठेवावं की शोरूममध्ये तो गाडीवर पाच मिनिटं बसतो, पण हप्ते फिटेपर्यंत तिच्यावर घरातली दोन माणसं बसणार आहेत.